वरच्या फळीवरचा वाडगा

आफताब सढळ हाताचा माणूस आहे, याबद्दल भवानी पेठेतल्या त्या गल्लीत दुमत नव्हतं. त्याच्या घरून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही. आता त्या सढळ हातातून जे निघायचं ते बहुतेक वेळा त्याच्या बायकोनं केलेलं असायचं, एवढी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. आफताबच्यासुद्धा.

त्याची बायको उम्मेहानी लाकडाचे वाडगे करायची. शोभेचे. घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत तिच्या अब्बांचं लेथ मशीन होतं. कासिमभाई खरादी जन्मभर टिंबर मार्केटच्या मागे पलंगाचे पाय आणि पाळण्याच्या दांड्या कातत बसले. ते गेल्यावर तिच्या भावानं, रियाजनं, मशीन भंगारात काढायचं ठरवलं. उम्मेहानी आदल्या दिवशीच टेम्पो घेऊन गेली आणि मशीन स्वतःच्या घरी आणून बसवलं. रियाज बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनंही आग्रह केला नाही.

लहानपणी अब्बांच्या बाजूला उभी राहून ती पाहायची, तेवढंच तिचं शिक्षण. बाकीचं मशीननंच शिकवलं, आणि गोड बोलून नाही. पलंगाचा पाय आणि वाडगा यांत फरक आहे. वाडग्याचं पोट आतून कोरताना पटाशीची धार कधी अडकेल सांगता येत नाही, आणि अडकली की एवढा ओंडका उसळून अंगावर येतो. उम्मेहानीच्या उजव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेली होती ती त्यातलीच. तेव्हा आफताबनं तिला दवाखान्यात नेलं होतं, टाके घालताना हात धरून बसला होता, आणि निघताना डॉक्टरला म्हणाला होता, "थांबा, तुमच्यासाठी एक वाटी पाठवतो."

तो वाडग्याला वाटी म्हणायचा.

पाहुणे उठले की तो म्हणायचा, "एक मिनिट, एक मिनिट," आणि चपला फटफटवत जिना उतरायचा. वर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या उम्मेहानीला त्या चपलांचा आवाज पाठ झाला होता. मग खालची कडी वाजायची, मग तो वर यायचा, मग पाहुण्यांचं "अहो कशाला, अहो कशाला" व्हायचं. कॉलेजच्या अकाउंट्स विभागात तो नोकरीला होता. तिथल्या प्रत्येक टेबलावर तिचा एकेक वाडगा असावा, त्यात टाचण्या आणि यू-क्लिपा. प्रदर्शनासाठी बाजूला काढून ठेवलेले वाडगेसुद्धा त्यानं दिले होते.

"विचारत तरी जा," ती म्हणायची.

"अगं, नाव तुझंच होतं ना? सगळे विचारतात, कुणी केलं. मी सांगतो, आमच्या मंडळींनी."

आणि तो हसायचा. त्याचं हसणं फार चांगलं होतं, हीच अडचण होती. त्या हसण्यापुढे राग धरला तर माणूस कद्रू दिसायचा. मुलगी अलफिया हिंजवडीला नोकरीला होती, ती म्हणायची, "अम्मी, अब्बू असेच आहेत, चिल कर." उम्मेहानी चिल करत आली होती. लग्न झाल्यापासून.

मग ती चिंचेची गाठ आली.

खडकवासल्याच्या पुढे वादळात एक जुनी चिंच रस्त्यावर आडवी झाली होती. माणसं करवतीनं तिचे तुकडे करत होती आणि वाहनांची रांग लागली होती. अलफियाच्या गाडीत बसलेल्या उम्मेहानीला खोडावरची ती गाठ दिसली, म्हशीच्या डोक्याएवढी, काळीभोर. ती उतरली, चिखलातून गेली आणि करवतवाल्याशी बोलून गाठ डिकीत टाकूनच परत आली. गाडीला महिनाभर ओल्या लाकडाचा वास येत होता आणि अलफिया महिनाभर कुरकुरत होती.

ओलं लाकूड घाईनं कातलं तर तडकतं. उम्मेहानीनं बाहेरून नुसता जाडजूड आकार काढला, कडांना मेण फासलं आणि तो गोळा स्वतःच्याच भुशात पुरून कोपऱ्यात ठेवून दिला. दोन पावसाळे त्याला हात लावला नाही. वाळताना तो वाकडा झाला, अंड्यासारखा. मग परत मशीनवर चढवला आणि रोज थोडं थोडं कातत गेली. गाठीच्या आत लाकडाला सरळ रेघ नसते. प्रत्येक बोटभर अंतरावर ते दिशा बदलतं. जांभळट काळा गाभा, त्याच्या कडेनं पिवळ्या रेघा, आणि एका बाजूला कीड लागून पडलेली नाजूक भोकं, जी तिनं मुद्दाम बुजवली नाहीत. कड इतकी पातळ नेली की शेवटच्या दिवशी ती श्वास घ्यायलाही घाबरत होती. मशीन थांबवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण खाली भुशात बसलोय. कधी बसलो ते आठवत नव्हतं.

असं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं. पुढे होईल की नाही, तेही तिला माहीत नव्हतं.

तिनं वाडगा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला आणि आफताबला खाली बोलावून दाखवला.

"हा द्यायचा नाही."

"विकणार?"

"नाही."

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तो हसला. तिला वाटलं, हसला म्हणजे समजला. "बरं बाई, तुझ्यासाठी," तो म्हणाला.

त्यानंतर सोलापूरला तिच्या थोरल्या बहिणीचं, बेगमआपांचं, पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि उम्मेहानी तिकडे गेली. परत आली ती दुपारच्या गाडीनं. बॅग जिन्यापाशीच टाकून आधी खालच्या खोलीत शिरली, कारण इतके दिवस भुशाचा वास नव्हता आणि तिला तो हवा होता. वरच्या फळीवर धुळीत एक गोल जागा स्वच्छ होती. वाडगा नव्हता.

ती वर गेली. शनिवार होता, आफताब घरी होता, चहात बिस्किट बुडवत होता.

"आलीस? आपा कशा आहेत?"

"वरच्या फळीवरचा वाडगा कुठाय?"

त्यानं बिस्किट तोंडात टाकलं. खाऊन होईपर्यंत बोलला नाही, त्यावरूनच तिला कळलं.

"उत्कर्षा मॅडमना दिला," तो म्हणाला. "अगं, माझी पाठ बघ. वाकून दाखवू? बाईंनी पार बरी केली. शेवटचं सेशन होतं. काहीतरी द्यायला नको?"

"बाकीच्या फळ्यांवर काही नव्हतं?"

"होतं ना. पण डॉक्टर बाई. त्यांना साधी वाटी कशी देणार? तो चांगला होता."

तो चांगला होता, हे त्याला कळत होतं. उम्मेहानीला आजवर वाटायचं की याला कळतच नाही, लाकूड काय, काम काय, म्हणून हा वाटत सुटतो. न कळणाऱ्यावर किती रागवायचं, म्हणून ती गप्प बसत आली. आणि यानं फळ्या पाहिल्या होत्या, एकेक तोलून पाहिला होता, आणि त्यातला सगळ्यांत चांगला कोणता ते बरोबर ओळखून तोच उचलला होता.

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस, मान्य. पण तू दुसरा करशीलच की. तुझ्या हातात आहे ते."

तिनं हेल्मेट उचललं.

"आत्ता तर आलीस. कुठे निघालीस?"

"आणायला."

"काय आणायला?" त्यानं विचारलं, आणि मग त्याचा चेहरा उतरला. "हानी, वेडी आहेस का? दिलेली वस्तू परत मागतात का? माझी काय इज्जत राहील?"

ती जिना उतरत होती. पहिल्यांदाच त्याच्या चपला तिच्या मागे फटफटत आल्या, पण तोवर स्कूटर सुरू झाली होती.

मंडईपाशी शनिवारची गर्दी होती. एक रिक्षा तिला घासून गेली आणि रिक्षावाला वर तिलाच बोलला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाक्य अर्धं सोडून निघून गेला. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. मॅडम, जरा गैरसमज झाला. मॅडम, माफ करा, पण. प्रत्येक वाक्य माफीपासून सुरू होत होतं आणि त्याचा तिला आणखी राग येत होता. चूक कुणाची, आणि माफी कुणाच्या तोंडात. बाजीराव रस्ता ओलांडेपर्यंत तिनं सगळी वाक्यं टाकून दिली.

सदाशिव पेठेतली ती इमारत नवी होती. खाली फिजिओथेरपीचं क्लिनिक, वर डॉक्टरांचं राहतं घर. क्लिनिक बंद होतं. दारावर पाटी होती: 'विश्रांतीची वेळ १ ते ४. बेल वाजवण्याआधी घड्याळ पाहावे.' उम्मेहानीनं घड्याळ न पाहता वरची बेल वाजवली.

उत्कर्षा मॅडम पन्नाशीच्या, उंच, पांढरे केस न रंगवलेल्या. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"क्लिनिक चारला उघडतं."

"मी पेशंट नाही. आफताब साहेबांची बायको. त्यांनी तुम्हाला एक वाडगा दिला."

मॅडमचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अहो, या ना, या. तुम्ही केलात ना तो? या, तुम्हाला दाखवायलाच हवा. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस विचारतो."

उम्मेहानी आत गेली. बैठकीच्या खोलीत कपाटावर वाडगा नव्हता. टीपॉयवर नव्हता. मॅडम जेवणाच्या टेबलापाशी थांबल्या आणि त्यांनी वर बोट केलं.

वाडगा छताला उलटा टांगला होता. त्याच्या बुडाला मधोमध भोक पाडून त्यातून काळी वायर आणली होती आणि आत बल्ब लावला होता. मॅडमनी बटण दाबलं. उजेड टेबलावर पडला, आणि कडेच्या किडीच्या भोकांतून भिंतीवर उजेडाचे बारीक ठिपके उमटले.

"सुंदर दिसतो ना?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या इंटीरियरवाल्याची आयडिया. म्हणाला, अशी शेड बाजारात मिळणार नाही."

सुंदर दिसत होता. ज्या बुडाला तिनं सगळ्यांत शेवटी, हातानं, बारीक कागदानं घासलं होतं, ज्यावर अब्बा करायचे तशी एकच रेघ काढली होती, तिथून वायर निघाली होती.

"मला तो परत हवाय," ती म्हणाली.

मॅडमनी बटण बंद केलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे घरी न्यायचाय."

"अहो, तुमच्या मिस्टरांनी तो मला भेट दिलाय. दिलेली वस्तू परत मागायला माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी आलंय."

"दिलेली नाही. नेलेली. माझी होती, त्यांनी नेली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, याला हात लावायचा नाही."

"मग ते तुमचं आणि त्यांचं बघा. त्यात मी कुठून आले?"

"तुम्ही नाही आलात," उम्मेहानी म्हणाली. "पण वाडगा तुमच्या छताला आहे. त्यामुळे मला यावं लागलं."

मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या, "त्याचं फिटिंग झालंय, वायरिंग झालंय. काही सेकंदांत काढून हातावर ठेवायला तो काही आंबा नाही."

"मी बसते."

आणि ती खरंच बसली. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून, हेल्मेट मांडीवर घेऊन. फोन वाजत होता, आफताबचा. तिनं तो पालथा ठेवला. मग मॅडमचा फोन वाजला. मॅडमनी उचलला, ऐकत राहिल्या, "हो," म्हणाल्या, "हो, आल्यात," म्हणाल्या, आणि बराच वेळ ऐकून शेवटी, "बघते," म्हणून ठेवला.

"तुमचे मिस्टर. माझी माफी मागतायत. तुम्ही प्रवासानं दमलाय म्हणाले, मनावर घेऊ नका म्हणाले."

हेल्मेटची काच तिच्या अंगठ्याखाली कुरकुरली.

मॅडम समोरची खुर्ची ओढून बसल्या. "एक विचारू? हे तुम्ही वेळ जावा म्हणून करता ना?"

"कोण म्हणालं?"

"तेच. वाडगा दिला तेव्हा मी घ्यायला तयार नव्हते. एवढं काम कुणी केलंय, मी कसं घेऊ? तर म्हणाले, घ्या हो, घरी पडूनच असतात, मुलगी मोठी झाली, हिला काही उद्योग नाही, टाइमपास म्हणून करते." मॅडम थांबल्या. "म्हणून मी भोक पाडू दिलं. नाहीतर विचारलं असतं."

उम्मेहानीनं हात टेबलावर ठेवले, पालथे, आणि मग उताणे. तळव्यांवर घट्टे होते, अंगठ्याच्या मुळाशी जुन्या चिरांच्या खुणा होत्या. दाखवावे म्हणून ठेवले नव्हते. पण मॅडम हातांकडेच पाहत होत्या. माणसांची हाडं आणि स्नायू हाच त्यांचा धंदा होता.

"ही लाकडाची गाठ दोन पावसाळे वाळवलीये," उम्मेहानी म्हणाली. "कातताना तडकली असती तर तिथेच संपलं असतं. मला काही उद्योग नाही, असं म्हणाले?"

"तसंच म्हणाले."

मॅडम उठल्या. आत जाऊन मेन स्विच पाडून आल्या. स्टूल आणलं, स्वतः चढल्या, आणि बल्ब काढून, स्क्रू सैल करून, वायर खेचून घेत वाडगा खाली उतरवला. उतरल्यावर तो पदरानं पुसला. छतातून आता नुसती उघडी वायर लोंबत होती.

"भोक मात्र राहणार."

"राहू दे."

"आणि तुमच्या मिस्टरांना सांगा," दाराशी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी पेढे आणा म्हणावं."

उम्मेहानी हसली नाही. पण जिन्यात वळून म्हणाली, "वायर टेप लावून घ्या. उघडी ठेवू नका."

घरी आफताब दारातच उभा होता. अलफियालाही त्यानं फोन करून बोलावून घेतलं होतं. ती लॅपटॉपची बॅग पाठीला असतानाच सोफ्याच्या कडेवर बसली होती. उम्मेहानीनं वाडगा टेबलावर पालथा ठेवला. बुडाचं भोक वर आलं.

"माझी इज्जत काढलीस," आफताब म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "त्या बाईंच्या दारात मी आता कुठल्या तोंडानं जाऊ? एका वाटीसाठी."

"वाडगा."

"काय?"

"त्याला वाडगा म्हणतात. आणि मला उद्योग नाही, असं तुम्ही त्यांना सांगितलं?"

तो गडबडला. "अगं, ते म्हणायची पद्धत असते. समोरच्याला ओझं वाटू नये म्हणून."

"समोरच्याला ओझं वाटू नये म्हणून तुम्ही मला रिकामटेकडी केलंत."

"अम्मी, प्लीज," अलफिया म्हणाली, "बीपी वाढेल."

"वाढू दे." उम्मेहानीनं आफताबच्या समोरची खुर्ची ओढली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे अलफिया जागची उठायला धजली नाही. "सांगा. कुणाकुणाला दिले?"

"आता हे काय?"

"तुम्ही दिलेत ना? इज्जत तुमची झाली. मग कुणाला दिले ते सांगा. आठवून."

आफताबनं बोटं दुमडत मोजायला घेतलं. "कुलकर्णी. शिपाई राकेश. ऑफिसातला उत्तरेश्वर, त्याला दोन दिले असतील. ते टाके घातलेले डॉक्टर. रुपाली मॅडम, रिटायर झाल्या तेव्हा." तो थांबला. "रियाजचे सासरे. आणि ते, कोण ते, अलफियाच्या शाळेतले."

"त्यांचं नाव?"

त्याला आठवेना.

"त्यांना कुठला दिला? बाभळीचा की शिसवीचा?"

त्यानं अलफियाकडे पाहिलं.

"तो शिसवीचा होता," ती म्हणाली. "कड लाटेसारखी होती. राकेशला दिलात तो आंब्याचा, त्याला एका बाजूला निळी झाक होती. रुपालीबाईंना दिलात तो शिवणीच्या लाकडाचा. मी प्रदर्शनासाठी ठेवला होता, रात्री विचारलं तर म्हणालात, अगं, दिला. मला सगळे आठवतात, आफताब. तुम्हाला माणसंही आठवत नाहीत."

तिनं त्याला नावानं हाक मारली, हे अलफियानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आफताबनं मान खाली घातली. बोटं अजून तशीच दुमडलेली होती, पुढच्या नावाची वाट पाहत. पुढचं नाव आलं नाही. मग तो उठून नमाजला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं खालच्या खोलीला कुलूप आणलं. अलफिया म्हणाली, वाडग्याच्या भोकात पितळेची गोल चकती बसवू, मस्त दिसेल, डिझाइन वाटेल. उम्मेहानीनं नको म्हटलं. वाडगा तसाच वरच्या फळीवर गेला. किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली गेली आणि पाहुणे आले की आफताब त्या ओढणीकडे न पाहण्याची काळजी घेऊ लागला. जाताना पाहुणे जरा रेंगाळत. तो त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला जाई.

घरात बोलणं होत होतं, कामापुरतं. त्याचं हसणं कमी झालं आणि शेजारपाजारचे विचारू लागले, भाईंची तब्येत बरी आहे ना. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की राग अजून आहे. सकाळी उठते तेव्हा आधी तो जागा होतो. त्याची तिला आता लाज वाटत नव्हती.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती मशीनवर होती. दार उघडं होतं, लाकडाच्या झिलप्या पायाशी साचल्या होत्या. आफताब उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला. आत आला नाही. तिनं मशीन बंद केलं.

"उत्तरेश्वरच्या मुलीचं लग्न आहे," तो म्हणाला. "चैतालीचं. लहानपणी आपल्याकडे खेळायला यायची." त्यानं फळ्यांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मी विचारायला आलो. एक वाडगा देशील का तिला?"

फळ्यांवर बरेच वाडगे होते. त्यातले दोन-तीन असे होते की ते गेले असते तर तिला काही वाटलं नसतं. चैताली तिला आवडायची. आणि तो विचारत होता, हे खरं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तिनं हे वाक्य ऐकलं होतं, आणि ते म्हणायला त्याला किती जड गेलं तेही तिला दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं उंबऱ्यावरची एक झिलपी पायानं आत सारली.

"का ते विचारू?"

"नको."

"बरं," आफताब म्हणाला, आणि वळून जिना चढू लागला.

तिनं मशीन लगेच सुरू केलं नाही. पटाशी दगडावर घासत बसली. वर त्यानं फोन लावला होता, आवाज जिन्यातून खाली येत होता.

"उत्तरेश्वर? अरे, वाडगा नाही मिळणार... नाही, आहेत, पण नाही मिळणार... विचारलं ना. नाही म्हणाली." तो थांबला. पलीकडचा काहीतरी चेष्टेचं बोलला असावा, कारण आफताब नेहमीसारखा हसला नाही. "नाही म्हणाली म्हणजे नाही म्हणाली," तो म्हणाला. "मी उद्या तुळशीबागेत जातोय. भिंतीवरचं घड्याळ चालेल का, ते सांग."